शक्तिमानला हसण्याआधी

फेब्रुवारी २०२२ मध्ये सोनी पिक्चर्सने 'शक्तिमान'वर चित्रपट काढणार असल्याची घोषणा केली. एक नाही, तीन चित्रपट. त्या संध्याकाळी आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडला. त्यात आनंद थोडा आणि काळजी फार होती. 'वाट लावतील रे' हा पहिला मेसेज. पाठोपाठ 'कॉमेडी करून टाकतील बघा'. मग कुणीतरी गंगाधरच्या, म्हणजे शक्तिमान ज्या बावळट वेषात लपून राहतो त्याच्या, दातांचा फोटो टाकला, त्यावर हसण्याचे इमोजी पडले, आणि एका मैत्रिणीने लिहिलं, "हसू नका. मला खरंच भीती वाटतेय."

चित्रपट विनोदी असेल असं त्या घोषणेत काहीच नव्हतं. तरी इतक्या जणांच्या मनात एकच शंका आली. तिशी ओलांडलेली, घरदार सांभाळणारी माणसं लहानपणीच्या एका मालिकेसाठी काळजीत पडतात याला पोरकटपणा म्हणून मोकळं होता येतं. मला तसं होता येत नाही. ही भीती मला रास्त वाटते. आणि ती नेमकी कशाची भीती आहे, हे नीट सांगितलं तरच तिला काही अर्थ आहे, नाहीतर 'आमच्या वेळचं ते खरं' एवढंच तिच्यातून ऐकू येतं.

'शक्तिमान' १९९७ च्या सप्टेंबरमध्ये दूरदर्शनवर सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. दिग्दर्शक दिनकर जानी, नायक आणि निर्माते मुकेश खन्ना. आम्हाला ते आधीपासून भीष्म म्हणून माहीत होते. 'महाभारत'मधला तो खर्जातला आवाज, तो ताठ कणा, तोच माणूस आता लालसर पोशाखात, छातीवर सोनेरी चक्र घेऊन स्वतःभोवती गरगर फिरत आकाशात जायचा. त्याच्या शक्तीचं कारणही परकं नव्हतं. दुसऱ्या ग्रहावरून येणं नाही, प्रयोगशाळेतला अपघात नाही. सूर्यांशी गुरू, कुंडलिनी, सात चक्रं, पंचमहाभूतं. घरात आजोबा पहाटे उठून ज्या गोष्टी करायचे त्यांच्याच टोकाला कुठेतरी हा माणूस उभा होता, असं मला तेव्हा वाटायचं, आणि म्हणूनच तो अशक्य वाटत नव्हता.

समोर तमराज किल्विष. सुरेंद्र पाल यांचा तो आवाज, 'अंधेरा कायम रहे'. हाताखाली डॉ. जैकाल, ललित परिमू. टॉम ऑल्टर महागुरू होते. अश्विनी काळसेकर शलाका होत्या, काळ्या मांजरीचं रूप घेणारी. नावं एवढ्यासाठी सांगतेय की ही मंडळी जातिवंत नट होती आणि त्यांनी ती कामं उरकली नव्हती. मागचा देखावा पुठ्ठ्याचा आहे हे सुरेंद्र पाल यांना दिसत नसेल का? पण आवाजात त्याची खूण कुठेही लागत नाही. समोर बसलेल्या मुलाला आपण फसवतोय, असा भाव एकाच्याही चेहऱ्यावर नाही.

मुलांनी ते किती मनावर घेतलं याला दुसरी, गंभीर बाजू आहे. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलांनी स्वतःला धोक्यात घातल्याच्या बातम्या तेव्हा वर्तमानपत्रांत आल्या. त्या कितपत खऱ्या यावर वाद झाले. पण मालिकेतून मुलांना बजावून सांगावं लागलं की यातलं काही करून पाहू नका. आमच्या घरी तर आईने खिडकीच्या कठड्यावर चढायचं नाही म्हणून दम भरला होता. एखाद्या नायकाला स्वतःच पडद्यावर येऊन 'माझ्यावर एवढा विश्वास ठेवू नका' असं सांगावं लागतं, यावरून त्या विश्वासाचं वजन कळतं. त्यामुळे कुणी 'लहान मुलांची मालिका होती, काय एवढं' म्हटलं की मी गप्प राहत नाही. लहान मुलांची होती म्हणूनच एवढं.

आता विनोदाबद्दल. 'शक्तिमान'वर गेली कित्येक वर्षं विनोद होतच आहेत. दिवे गेले की 'अंधेरा कायम रहे'. कुणी कचरा टाकताना सापडलं की 'सॉरी शक्तिमान'. हे सगळं मला आवडतं. भागाच्या शेवटी येणाऱ्या 'छोटी छोटी मगर मोटी बातें'मध्ये मुलं चुकायची, शक्तिमान समजावायचा आणि मुलं माफी मागायची, तो भाग आज जसाच्या तसा पाहताना हसू येतंच. असे विनोद करणारी बहुतेक मंडळी मालिकेवर जीव असलेलीच असतात. मीम पाच सेकंदांचं असतं आणि ज्याला मूळ प्रसंग आठवतो त्यालाच ते कळतं. भीती वाटते ती कुणीतरी त्या पाच सेकंदांना ताणून अडीच तासांचं करेल याची.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने ती मालिका पुन्हा दाखवायला घेतली. मी तेव्हा दादाच्या घरी अडकले होते. भाचा नऊ वर्षांचा. मी त्याला जबरदस्तीने शेजारी बसवलं. पहिल्या काही मिनिटांत तो खदखदून हसला. शक्तिमान उडत होता आणि त्याच्या पोशाखाच्या कडेने निळसर रेघ थरथरत होती, मागचं शहर आणि पुढचा माणूस दोघांचा उजेड जुळत नव्हता. "आत्या, अगं, हे चिकटवलंय!" म्हणून तो सोफ्यावर लोळला. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. ते चिकटवलेलंच होतं.

नंतर गंगाधर आला. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. जाड चष्मा, पुढे आलेले दात, खांद्याला कॅमेरा आणि 'आज की आवाज' या वर्तमानपत्राच्या कचेरीत जो भेटेल त्याच्यासमोर शुद्ध हिंदीतलं लांबलचक नाव. भाचा पुन्हा हसला. पण हे हसणं वेगळं होतं. तो आता टीव्हीच्या जवळ सरकून बसला होता. कचेरीतले लोक गंगाधरला बावळट समजतात, तिथली वार्ताहर गीता विश्वास त्याच्याशी जेमतेम बोलते आणि शक्तिमानच्या नावाने मात्र तिचे डोळे लकाकतात, हे पाहून तो म्हणाला, "यांना कुणालाच माहीत नाही? फक्त आपल्याला माहितेय?" मी म्हटलं, "फक्त आपल्याला." तो इतका खूश झाला की त्यानंतरच्या भागांत त्याला मारामारीपेक्षा गंगाधरच हवा असायचा.

एकाच दुपारी, एकाच मुलाच्या तोंडून ऐकलेली ही दोन हसणी माझ्या सगळ्या काळजीचं मूळ आहेत. पहिलं हसणं मालिकेला होतं. दुसरं मालिकेने दिलेलं होतं. पहिल्यात तो बाहेर बसून बघत होता, दुसऱ्यात तो आत शिरला होता, गुपितात सामील झाला होता. 'शक्तिमान'मध्ये विनोद पहिल्यापासून होता, आणि चांगला होता. बावळट दिसणाऱ्या माणसाला जग हसतं आणि आपण त्या हसणाऱ्या जगाला हसतो, अशी त्याची बांधणी होती. वर्गात दात पुढे असलेला, चष्म्यावरून चिडवला जाणारा प्रत्येक मुलगा त्या गुपिताचा मालक होता. विनोदी पुनर्निर्मितीत हे उलटं होऊ शकतं. गंगाधर जातो, आणि खुद्द शक्तिमानच गंगाधर होतो. बावळट, गोंधळलेला, काळाच्या मागे राहिलेला. आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारा मुलगा त्याहून बावळट.

ही कल्पनेतली भीती नाही. अमेरिकेत हे होऊन गेलंय, आणि एकदा नाही. तिथे लहानपणीच्या मालिकेवरून विनोदी चित्रपट काढणं हा एक रुळलेला धंदाच आहे. 'स्टार्स्की अँड हच' २००४ मध्ये, 'बेवॉच' आणि 'चिप्स' दोन्ही २०१७ मध्ये. पण मला सर्वांत जास्त लागलेलं उदाहरण 'लँड ऑफ द लॉस्ट'चं आहे. ही मालिका माझ्या लहानपणातली नाही, मी ती मोठेपणी कुतूहलापोटी शोधून पाहिली. १९७४ मध्ये ती शनिवारी सकाळी लागायची. सिड आणि मार्टी क्रॉफ्ट या भावांची निर्मिती. एक बाप आणि त्याची दोन मुलं नदीत तराफ्यावर असताना भूकंप होतो आणि ते डायनासोरांच्या हरवलेल्या जगात जाऊन पडतात. डायनासोर म्हणजे बाहुल्या, स्लीस्टॅक नावाचे सरड्यासारखे प्राणी म्हणजे रबरी पोशाखातली माणसं. सगळं चिकटवलेलं.

पण आत काय होतं बघा. पहिल्या वर्षी कथांची जबाबदारी डेव्हिड जेरोल्ड यांच्याकडे होती आणि त्यांनी लॅरी निव्हन, थिओडोर स्टर्जन, बेन बोवा असे विज्ञानकथेतले मातब्बर लेखक मुलांच्या त्या मालिकेसाठी आणले. चाका नावाच्या वानरसदृश मुलाच्या जमातीला भाषा हवी होती, तर तोंडाला येईल ते आवाज काढून भागवलं नाही. व्हिक्टोरिया फ्रॉमकिन या भाषाशास्त्रज्ञ प्राध्यापिकेकडून पाकुनी नावाची भाषा रचून घेतली, मुलांना ऐकता ऐकता कळत जाईल अशी. पुठ्ठ्याच्या गुहेत बसून कुणीतरी खोटी भाषा खऱ्या व्याकरणाने बोलतंय, याहून मुलांचा मान राखणारी गोष्ट मला माहीत नाही.

२००९ मध्ये त्याचा चित्रपट आला. विल फेरेल नायक. बाप आणि मुलं हे नातंच काढून टाकलेलं. मूळचा बाप आता सगळ्यांनी थट्टा केलेला शास्त्रज्ञ, मुलीच्या जागी त्याची चाहती संशोधक, मुलाच्या जागी रस्त्याकडेचं करमणुकीचं ठिकाण चालवणारा इसम. एका प्रसंगात नायक डायनासोरचं मूत्र डोक्यावर ओतून घेतो. सुमारे १० कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाला जगभरातून ७ कोटीही मिळाले नाहीत. बाहुल्या जाऊन संगणकावरचे झकास डायनासोर आले होते, पण ज्यांच्यासाठी भीती वाटावी ती मुलंच उरली नव्हती. आपल्या बाजूने नोंद घ्यावी अशी आणखी एक गोष्ट म्हणजे त्या चित्रपटाच्या निर्मात्यांत खुद्द क्रॉफ्ट बंधू होते. 'मूळ माणसं सोबत आहेत ना, मग काळजी कशाला' असं कुणी म्हणतं तेव्हा मला हे आठवतं.

निर्माते विनोदाकडे का वळतात हे मला कळतं. पंचवीस वर्षांपूर्वीची जादू आज पाहिली की तिचे सांधे दिसतात. तीच जादू गंभीरपणे पुन्हा करायची तर प्रचंड पैसा लागतो, आणि इतकं करूनही लोक हसले तर? त्यापेक्षा आपणच आधी हसावं. आपणच नायकाच्या पोशाखाची टर उडवली तर दुसरा कोण उडवणार? हा विमा आहे. त्यात प्रेक्षकही सामील असतात, कारण लहानपणी आपण ज्याच्यावर जीव लावला त्याची मोठेपणी थोडी लाज वाटायला लागते. चित्रपट त्या लाजेला हाताशी धरतो. म्हणतो, बघ, आपण कसले खुळे होतो. आणि चित्रपटगृहात चारशे माणसं एकदम हसली की 'नाही, मी खुळी नव्हते' असं म्हणणारी एकटी पडते.

मी खुळी नव्हते. मला सातव्या वर्षी काय माहीत होतं? ताकद असलेल्या माणसाने ती लपवून, हसू करून घेत जगावं आणि वेळ आली की उभं राहावं, हे मला कुठल्या धड्याने शिकवलं नाही. गंगाधरने शिकवलं.

इथे एक युक्तिवाद हमखास येतो. नवा चित्रपट कसाही निघाला तरी जुनी मालिका कुठे जाते? ती आहेच, हवी तेव्हा बघा. ऐकायला बरोबर वाटतं. माझ्यापुरतं ते खरंही आहे. माझा शक्तिमान माझ्यापासून कुणी काढून घेऊ शकत नाही. पण ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांचं काय? एवढा मोठा चित्रपट आला की त्या नावाची पहिली ओळख तोच करून देणार. आज दहा वर्षांच्या मुलाला शक्तिमान म्हणजे काय ते चित्रपटातून कळेल, आणि तिथे तो खिल्लीचा विषय असेल तर मूळ मालिकेकडे तो खिल्लीचा पुरावा म्हणूनच बघेल. शिवाय चित्रपट आपटला तर दोष विनोदाला जात नाही, नावाला जातो. 'शक्तिमान चालत नाही' असं ठरतं आणि पुढची कित्येक वर्षं कुणी हात लावत नाही. संधी फार वेळा येत नाही, हे चाहत्यांना नेमकं ठाऊक असतं. त्यांच्या आवाजातली घाई तिथून येते.

तर मग विनोद नकोच का? हवा. मला तर वाटतं, विनोदाशिवाय शक्तिमान होणारच नाही. जुन्याला काळोखी, रक्तबंबाळ, सदा कपाळावर आठ्या असलेलं करायची जी फॅशन आहे तिची मला विनोदाइतकीच धास्ती आहे. दाढी वाढलेला, दारू प्यायलेला, जगावर रुसलेला शक्तिमान मला बघायचा नाही. प्रश्न कोणता विनोद हा आहे, आणि याची उत्तम उत्तरंही पडद्यावर देऊन झाली आहेत.

१९९५ चा 'द ब्रॅडी बंच मूव्ही' बघा. दिग्दर्शिका बेटी थॉमस. मूळ मालिका १९६९ ते १९७४ ची, सहा मुलांच्या एका गोडमिट्ट कुटुंबाची. चित्रपटात भोवतालचं जग नव्वदीत पोचलंय, हे कुटुंब मात्र तिथेच, तसल्याच कपड्यांत, तसलंच बोलतंय. सगळे त्यांच्याकडे विचित्र नजरेने बघतात, शाळेत मुलं त्यांना हसतात. पण त्यांना त्याची गंधवार्ताही नाही, आणि शेवटी घर वाचतं ते त्यांच्या त्याच भाबड्या गाण्यानाचाने. आपण पोट धरून हसतो, तरी बाहेर पडताना त्यांची दया येत नाही, हेवा वाटतो.

त्याहूनही मोठं उदाहरण 'गॅलक्सी क्वेस्ट', १९९९. ही कुठल्या मालिकेची पुनर्निर्मिती नाही, पण 'स्टार ट्रेक' आणि तिच्या चाहत्यांवरचा विनोदी चित्रपट आहे. बंद पडलेल्या अंतराळमालिकेतले नट मेळाव्यांत सह्या देऊन पोट भरत असतात. एके दिवशी खरे परग्रहवासी येतात. त्यांनी ती मालिका पाहिलेली असते आणि त्यांना नाटक ही गोष्टच माहीत नसते, त्यांना ते सगळं घडलेला इतिहास वाटतो. ॲलन रिकमन यांनी रंगवलेला नट आपल्या जुन्या भूमिकेला विटलेला आहे. डोक्यावर ते रबरी टोप, आणि जिथे जाईल तिथे लोक त्याला ते एक ठरावीक वाक्य म्हणायला लावतात. चित्रपटभर तो ते वाक्य दातओठ खात टाळतो किंवा कसंबसं पुटपुटतो, आणि प्रत्येक वेळी हशा होतो. मग एक तरुण परग्रहवासी, आयुष्यभर त्या भूमिकेला आदर्श मानून जगलेला, त्याच्यासमोर जखमी होऊन कोसळतो. मरताना सांगतो की तुम्ही मला वडिलांसारखे होतात. आणि तो नट, तेच टोप डोक्यावर, तेच वाक्य त्याला म्हणतो. पहिल्यांदा मनापासून. चित्रपटगृहात कुणी हसत नाही. वाक्य बदललेलं नाही, टोप बदललेलं नाही, म्हणणाऱ्याने ऐकणाऱ्याचा विश्वास बघितलाय, एवढंच झालंय.

या दृश्यासाठी आधीचे सगळे विनोद केलेले असतात, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. चाहत्यांची थट्टा त्या चित्रपटात भरपूर आहे. जहाजाचा प्रत्येक बोळ पाठ असलेला शाळकरी चाहता आहे, सुरुवातीला सगळे त्याला झटकतात. शेवटी जहाज वाचतं ते त्याच्या त्या पाठांतरामुळे. थट्टा होते पण कुणाचा पाणउतारा होत नाही.

'शक्तिमान'च्या बाबतीत हे करायला लागणारी सामग्री मालिकेतच पडून आहे. गंगाधर आजच्या कुठल्यातरी वृत्तवाहिनीच्या कचेरीत आला तर? जिथे सगळे किंचाळताहेत तिथे हा 'नमस्कार' म्हणून पूर्ण नाव सांगणार, फोटो काढण्याआधी समोरच्याची परवानगी मागणार. धमाल येईल, आणि हसू येईल ते त्या कचेरीला. गीता विश्वास तर आजच्या काळात आणखी बहरेल. जो माणूस तिला रोज टेबलापलीकडे दिसतो त्याच्याकडे तिचं लक्ष नाही, आणि ज्याचा ती शोध घेतेय तो तिथेच दाढेखाली सुपारी धरल्यासारखं हसू दाबून बसलाय, यातली गंमत आणि यातलं दुःख दोन्ही आजही ताजं आहे. किल्विषला तर विनोदी करायची गरजच नाही. अंधार कायम राहावा असं म्हणणाऱ्याने ते पूर्ण गांभीर्याने म्हणावं, त्याच्या भोवती काय हवं ते घडू द्या.

कारण भाबड्या जगातला विनोद चालतो तो नटाने डोळा न मारल्याने. ॲडम वेस्ट यांचा १९६६ चा 'बॅटमॅन' घ्या. पोरकट संवाद, भडक रंग, पडद्यावर उमटणारी ठोशांची अक्षरं, आणि मध्यभागी एक माणूस, ज्याला यातलं काहीही विनोदी वाटत नाही. मोठे हसायचे, मुलं श्वास रोखून बघायची, आणि दोघांची करमणूक एकाच वेळी व्हायची. मुकेश खन्ना यांनीही शक्तिमान असाच केला. आधीच्या भीष्माचा एक कणही त्यांनी खाली ठेवला नाही. पापणी न हलवता त्यांनी मुलांना दात घासायला सांगितलं. आणि गंगाधर करताना तेच गृहस्थ किती मोकळे सुटायचे! दोन्ही टोकं एका माणसात होती, हे त्यांचं श्रेय आपण फार क्वचित त्यांना देतो.

नव्या शक्तिमानच्या निवडीवरून वाद झाला तो सर्वांना माहीत आहे. रणवीर सिंगचं नाव चर्चेत आल्यावर २०२४ मध्ये खन्ना यांनी जाहीर विरोध केला, नटाच्या प्रतिमेचा मुद्दा काढून. नटाच्या खासगी प्रतिमेवरून भूमिका ठरवावी हे मला पटत नाही. पण त्यांच्या मनातली धाकधूक आणि आमच्या ग्रुपवरच्या मैत्रिणीची धाकधूक एकच आहे. कुणीही करो, ज्याला गंगाधरचे दात लावताना मजा येते आणि चक्र छातीवर चढवताना थोडी भीतीही वाटते, अशा कुणीतरी करावं.

आणि चाहत्यांच्या चर्चेत फारसा न येणारा एक मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या त्या विनोदी चित्रपटांपैकी 'बेवॉच', 'चिप्स', अगदी मला आवडणारा २०१२ चा '२१ जंप स्ट्रीट'सुद्धा, तिथल्या नियमाने मोठ्यांसोबत आल्याशिवाय मुलांना बघता येत नाही अशा वर्गातले. 'लँड ऑफ द लॉस्ट' ही तर निव्वळ मुलांची मालिका, तिच्या चित्रपटावरही तेरा वर्षांखालच्यांसाठी पालकांना सावध करणारा शिक्का बसला. म्हणजे आमच्यासारख्या वाढलेल्या मुलांच्या खिशाकडे बघून चित्रपट काढायचा आणि ज्यांच्या वयाला ती गोष्ट सांगितली गेली होती त्यांना दाराबाहेर ठेवायचं. आमच्या आठवणी कुरवाळायला जुन्या चित्रफिती पुरेशा आहेत. नवा चित्रपट आमच्यासाठी नसावा.

आपल्याकडे सेन्सॉर बोर्डाने २०२४ पासून 'यूए'चे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे असे तीन गट केले आहेत. मला शक्तिमानवर त्यातला एकही नको आहे. साधं 'यू' हवं. त्या एका अक्षराची अट घातली की निम्मे विनोद लिहिणाऱ्याच्या हातून आपोआप गळून पडतील, आणि जे उरतील ते लिहिताना त्याला सात वर्षांच्या मुलाकडे बघावं लागेल. दादाच्या धाकट्या मुलीने मालिका पाहिलेली नाही, टाळेबंदीत ती पाळण्यात होती. तिला मी मुद्दामच अजून काही दाखवलेलं नाही, भाच्यालाही गंगाधरचं गुपित फोडू नकोस म्हणून सांगून ठेवलंय. ते तिला पडद्यावर कळू दे.